वाचक विचारतात : बाळ पोटात, रक्त दंडातलं

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच तपासणीबद्दल आहेत : गरोदर बाईच्या दंडातलं रक्त घेऊन पोटातल्या बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणारी एनआयपीटी. म्हणून या वेळचं सगळं सदर तिलाच दिलं आहे. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, माझं वय २९, पहिलंच गरोदरपण. बारावा आठवडा संपत आला आहे. डबल मार्कर या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर लाल अक्षरांत 'हाय रिस्क १:१८०' आलं आणि त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, एक तर एनआयपीटी करा, नाहीतर सोळाव्या आठवड्यात पोटातलं पाणी काढून तपासू. सासूबाई म्हणतात, पोटात सुई घालायची नाही. मिस्टरांचे मित्र म्हणतात, एनआयपीटी शंभर टक्के खरी असते, तीच करा. मला तर मुळातच कळत नाही. बाळ पोटात आणि रक्त माझ्या हाताचं, त्यात बाळाचं काय येणार? (इचलकरंजी)

उत्तर : तुमचे आठवडे अंकाची वाट बघत थांबणार नव्हते, म्हणून हे सगळं तुमच्याशी आधीच फोनवर बोलले आहे. इथे तुमच्या परवानगीने इतरांसाठी सविस्तर लिहिते.

आधी तो लाल आकडा. १:१८० म्हणजे तुमच्यासारखा रिपोर्ट आलेल्या १८० बायका एका रांगेत उभ्या केल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम, म्हणजे २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त, असेल आणि १७९ जणींच्या बाळांना नसेल. ती एक कोण, हे डबल मार्करला सांगता येत नाही. २५० मध्ये एक ही रेघ बऱ्याच लॅब धरतात. तुमचा आकडा त्या रेघेच्या अलीकडे पडला, म्हणून अक्षरं लाल झाली. एवढ्यावरून उपाशी राहायचं कारण नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. राधानगरीकडच्या एक आजी नातीला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. त्यांनीही हेच विचारलं : "बाळ पोटात, अन् त्याचं रक्त हातात कुठनं येतंय वं?" त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगते. बाळाचं रक्त येत नाही. येतात ते वारेचे कण. वार बाळाच्याच बीजातून तयार झालेली असते. आपली कातडी जशी रोज थोडी थोडी झडते, तशा वारेच्या बाहेरच्या पेशी मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. मेलेल्या पेशीतला डीएनए तुटून त्याचे बारीक तुकडे आईच्या रक्तात उतरतात. आईच्या स्वतःच्या पेशीही मरत असतातच, त्यांचेही तुकडे तिथेच तरंगतात. दहाव्या आठवड्याच्या पुढे या सगळ्या मोकळ्या तुकड्यांत साधारण दहा टक्के वारेकडचे असतात. कुणात चार, कुणात वीस.

रक्तात पेशींच्या बाहेरही असा मोकळा डीएनए असतो, हे मँडेल आणि मेते या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९४८ सालीच लिहून ठेवलं होतं. गरोदर बाईच्या बाबतीत त्याचा उपयोग कुणाच्या ध्यानात आला नाही. बाळाचा माग काढणारे लोक आईच्या रक्तात बाळाच्या आख्ख्या पेशी शोधत राहिले, आणि त्या इतक्या विरळ की मिलीलिटरभर रक्तात एखादी सापडली तरी नशीब. हाँगकाँगचे डॉक्टर डेनिस लो ऑक्सफर्डमध्ये कित्येक वर्षं याच कामात होते. १९९६ साली त्यांच्या वाचनात आलं की कॅन्सरच्या गाठीचा डीएनए रोग्याच्या प्लाझ्मात मोकळा सापडतो. गाठ जर रक्तात डीएनए सोडते, तर एवढं वाढणारं बाळ का सोडणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. पेशी बाजूला काढल्यावर वर जो पिवळसर प्लाझ्मा उरतो तो त्यांनी उकळून घेतला आणि त्यात बाळाचा डीएनए शोधला. तो सापडला. १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण जे इतकी वर्षं पेशींमध्ये शोधलं जात होतं, ते पेशींच्या शेजारच्या पाण्यात होतं.

तरी पुढचं कोडं उरलंच. आईचे तुकडे कुठले आणि बाळाचे कुठले, हे निवडणार कसं? त्याचं उत्तर २००८ साली लो यांच्या गटाने आणि अमेरिकेत स्टॅनफर्डच्या स्टीफन क्वेक यांच्या गटाने वेगवेगळं काम करून दिलं : निवडायचंच नाही, नुसतं मोजायचं. समजा, गावच्या महाप्रसादाला दहा घरांतून दोन-दोन पायल्या ज्वारी यायची आहे. सगळी एकाच कणगीत ओतली. मोजल्यावर वीस पायल्या भरायला हवी. एकवीस भरली, तर एका घरातून पायलीभर जास्त आली. दाणे बघून घर ओळखता येत नाही, पण मापात ते दिसतं. या दहा घरांतली नऊ आईची आणि एक बाळाचं. दोन पायल्या म्हणजे २१ व्या गुणसूत्राच्या दोन प्रती. डाउन सिंड्रोममध्ये बाळाकडे त्या तीन असतात. विसाच्या जागी एकवीस, म्हणजे पाच टक्क्यांचा फरक. तो पकडायला मशिन लाखो तुकडे वाचतं आणि कुठला तुकडा कुठल्या गुणसूत्राचा, ते लावून मोजदाद करतं. बाळाचा वाटा दहाऐवजी दोनच टक्के असेल, तर हाच फरक शंभराच्या जागी एकशे एक इतका उरतो आणि तो धड ओळखू येत नाही. म्हणून बऱ्याच लॅब वाटा चार टक्क्यांच्या खाली गेला की रिपोर्ट देत नाहीत. दहा आठवड्यांच्या आधी रक्त घेत नाहीत ते याचसाठी. ज्यांचं वजन बरंच जास्त आहे त्यांचा नमुना कधी कधी परत येतो, त्याचंही एक कारण हेच. असं परत येणं दर वेळी साधं नसतं, काही गुणसूत्रदोषांत वार लहान राहते आणि वाटाच कमी भरतो. 'रिपोर्ट निघाला नाही' असा निरोप आला तर पुन्हा रक्त देण्याआधी डॉक्टरांशी बोला, नीट सोनोग्राफी करून घ्या.

आता त्या 'शंभर टक्के'बद्दल. डाउन सिंड्रोम असलेल्या शंभर बाळांपैकी नव्व्याण्णवच्या आसपास ही तपासणी ओळखते. डाउन सिंड्रोम नसलेल्या बाळावर चुकून बोट ठेवण्याचं प्रमाण हजारात एक धरू. समजा, तुमच्यासारखा आकडा आलेल्या १८,००० बायका आहेत. त्यांच्यापैकी १०० जणींच्या बाळांना डाउन सिंड्रोम असेल, त्यांतल्या ९९ सापडल्या. उरलेल्या १७,९०० पैकी हजारात एक म्हणजे १८ जणींवर खोटा शिक्का बसला. पॉझिटिव्ह एकूण ११७, त्यांतल्या खऱ्या ९९. दर सहा-सात पॉझिटिव्हमध्ये एक खोटा. आता हीच तपासणी हजारात एकच शक्यता असलेल्या बायकांवर करा. एक लाख जणींत शंभर बाळं, त्यांतली ९९ सापडली, आणि खोटे शिक्केही शंभराच्या आसपास. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन रडत बसलेल्या दोघींपैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम नाहीच. तपासणी तीच, मशिन तेच.

म्हणून एनआयपीटी ही चाळण आहे, तो निकाल नाही. नुसत्या एनआयपीटीच्या जोरावर गर्भपाताचा निर्णय कुणीही घेऊ नये आणि कुठल्याही डॉक्टरने तो घ्यायला लावू नये. हे मला शक्य तितक्या मोठ्या आवाजात सांगायचं आहे. आपण वारेचा डीएनए मोजतो, बाळाचा नाही, आणि काही वेळा दोष वारेच्या काही पेशींत असतो आणि बाळात नसतो. कधी आईच्याच गुणसूत्रांत काही वेगळं असतं. क्वचित आईच्या शरीरातली न कळलेली गाठही मोजदाद बिघडवते.

सासूबाईंना माझा निरोप द्या. पोटातल्या सुईची त्यांना वाटणारी काळजी मी वीस वर्षं बघते आहे आणि ती प्रेमापोटीच असते. पण ती सुई कशी असते ते त्यांना सांगा. बारीक, लांब. सोनोग्राफीच्या पडद्यावर तिचं टोक पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसत असतं, बाळ कुठे आहे तेही दिसत असतं, आणि ठिपका बाळापासून लांब ठेवूनच पुढे न्यायचा. पंधरा-वीस मिली पाणी येतं, वाळलेल्या गवताच्या रंगाचं. बहुतेकींना भूलही लागत नाही. सुई आत असते ती एक-दोन मिनिटं. माझ्याकडे एकीने तेवढ्यात मनातल्या मनात अंबाबाईची आरती म्हटली, ती संपायच्या आत सुई बाहेर आली होती. या तपासणीमुळे गर्भपात होण्याची शक्यता सरावलेल्या हातात दोनशेत एकापेक्षा कमी आहे. कमी आहे, पण शून्य नाही. म्हणूनच आधी चाळण लावायची.

तुमची एनटी, म्हणजे सोनोग्राफीत मोजलेली बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी, १.६ मिलीमीटर आहे आणि सोनोग्राफीत दुसरं काही नाही, म्हणून तुमच्यासाठी आधी एनआयपीटी हा सरळ रस्ता. एनटी साडेतीनच्या वर असती किंवा बाळाच्या हृदयात, पोटात काही दिसलं असतं, तर मी तुम्हाला एनआयपीटीत पैसे आणि दिवस घालवू दिले नसते, थेट पाण्याच्या तपासणीचा सल्ला दिला असता. एनआयपीटी ठरावीक गुणसूत्रं मोजते, अशा बाळात दोष दुसरीकडे असू शकतो.

दिवसांचा हिशोब असा धरा. आता रक्त दिलं की चौदाव्या आठवड्यापर्यंत रिपोर्ट. पॉझिटिव्ह आला, तर सोळाव्यात पाणी, दोन-तीन दिवसांत पहिला निष्कर्ष, आणि गुणसूत्रांचा पूर्ण रिपोर्ट एकोणिसाव्यापर्यंत. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांच्या मताने आणि बाळात गंभीर दोष असल्यास त्यानंतरही मेडिकल बोर्डाच्या परवानगीने निर्णय घेता येतो. घाई करावी लागेल अशी वेळ तुमच्यावर आलेली नाही. निगेटिव्ह आला, तरी अठरा-वीस आठवड्यांची मोठी सोनोग्राफी चुकवायची नाही. बाळाचा कणा, हृदय, किडन्या या तपासणीला दिसत नाहीत.

एक चूक आमच्या दवाखान्यातली सांगते, कारण ती कुठेही होऊ शकते. या रक्तासाठी वेगळी नळी येते. तिच्यातल्या द्रवामुळे आईच्या पांढऱ्या पेशी फुटत नाहीत. त्या फुटल्या, तर आईचाच डीएनए नळीत पसरतो आणि बाळाचा वाटा बुडून जातो. ही नळी फ्रिजमध्ये ठेवायची नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला, शिरोलीजवळ हायवेवर पाणी चढलं आणि गावातून कुरिअर निघेना. एकीचं रक्त आदल्याच दिवशी घेतलेलं होतं. आमच्या सिस्टरने ते खराब होऊ नये म्हणून मायेने फ्रिजमध्ये लसींच्या शेजारी ठेवलं. सांगायचं मी राहून गेले होते. पाणी ओसरल्यावर नळी गेली आणि नापास होऊन परत आली. त्या मुलीला पुन्हा बोलावून पुन्हा रक्त घ्यावं लागलं आणि ज्या दिवसांत एकेक रात्र मोठी असते, त्यातले पंधरा दिवस तिचे गेले. मी तिची माफी मागितली. आता फ्रिजच्या दारावर आतून चिठ्ठी चिकटवली आहे. तुम्हीही रक्त देताना विचारा, नळी कुठे ठेवणार आणि कधी निघणार. विचारल्याचा कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

प्रश्न : आम्हाला दोन मुली आहेत. एनआयपीटीत मुलगा-मुलगी कळतं असं वाचलं. सोनोग्राफीला बंदी आहे, पण रक्ताच्या तपासणीला नाही, असं एकाने सांगितलं. यात खरं काय? (कागल तालुका)

उत्तर : हे पत्र मी बाजूला टाकलं होतं. मग वाटलं, ज्या 'एकाने' तुम्हाला हे सांगितलं त्याने इतरांनाही सांगितलं असणार. म्हणून उत्तर देते.

त्याने सांगितलं ते खोटं आहे. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याच्या व्याख्येत गर्भवतीच्या रक्ताची तपासणीही स्पष्ट लिहिलेली आहे. भारतातली लॅब या रिपोर्टमध्ये लिंग लिहू शकत नाही, डॉक्टर शब्दाने, खुणेने, कसंही सांगू शकत नाही. जो विचारतो त्यालाही पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. आणि बाईला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं, असंच कोर्ट धरून चालतं, उलट सिद्ध होईपर्यंत.

तपासणीला ते दिसतं का? दिसतं, हे मी लपवत नाही. लो यांनी १९९७ साली शोधलं ते वाय गुणसूत्रच होतं, कारण ते मुलग्यातच असतं, आईचं स्वतःचं असूच शकत नाही. बाळाचा डीएनए आईच्या रक्तात येतो, हे सिद्ध करण्याचा तो सर्वांत साधा मार्ग होता. त्या शोधाचा असा उपयोग करायला आपण सगळ्यांत आधी धावावं, याचं मला फार वाईट वाटतं.

कोल्हापूर जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. राजर्षी शाहूंचं नाव रोज घेणारा हा जिल्हा. पुढे इथल्याच जिल्हाधिकाऱ्यांनी सोनोग्राफी मशिनला प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवायला लावले, त्याविरुद्ध रेडिऑलॉजिस्टांची संघटना हायकोर्टात गेली आणि २०११ साली हायकोर्टाने जिल्हाधिकाऱ्यांची बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या जनगणनेत आकडा ८६३ वर आला. वाढला, पण हजारात १३७ मुली तेव्हाही कमीच. तिसरी मुलगी झाली म्हणून लेबर रूमबाहेरच्या बाकावरून एक शब्द न बोलता उठून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. आत ती बाई 'बाहेर कोण आहे?' असं विचारत होती.

तुमच्या पत्रावर तुमची एकट्याची सही आहे. पत्नीला काय वाटतं, ते पत्रात कुठेच नाही. आधी ते विचारा.

प्रश्न : माझं लग्न सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालं आहे. दहावा आठवडा चालू आहे. नात्यातलं लग्न म्हणून बाळात दोष येऊ नये यासाठी एनआयपीटी करून घेतली की काळजी मिटेल ना? (गडहिंग्लज)

उत्तर : नाही मिटणार, आणि हे तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं. आपल्याकडे आत्या-मामाच्या मुलांची लग्नं घरोघर आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो.

डाउन सिंड्रोमसारख्या गोष्टी बीज तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकल्यामुळे होतात. त्याचा संबंध मुख्यतः आईच्या वयाशी आहे, नात्याशी नाही. नात्यातल्या लग्नातली अडचण वेगळी असते. तुमच्या दोघांच्या आजी-आजोबांकडून एखाद्या जनुकाची बिघडलेली प्रत तुम्हा दोघांकडेही आलेली असू शकते. एकच प्रत बिघडलेली असेल, तर माणसाला काही होत नाही, तो नुसता वाहक असतो. दोन्हीकडून बिघडलेल्याच प्रती बाळाला मिळाल्या, तर आजार होतो, आणि दोघेही वाहक असतील तर तशी शक्यता दर खेपेला चारात एक. नेहमीची एनआयपीटी गुणसूत्रं मोजते. जनुकातलं एक अक्षर बदललेलं तिला कळत नाही. पायल्या बरोबर वीस भरतील, एखादा दाणा किडका आहे की नाही हे माप सांगणार नाही.

घाबरून जाऊ नका. कुठल्याही जोडप्यात बाळात मोठा दोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते. सख्ख्या आते-मामेभावंडांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे शंभरातली नव्वदहून जास्त बाळं धडधाकट जन्मतात.

पुढे असं करा. दोघांच्याही घरात बसून तीन पिढ्या लिहून काढा : लहानपणी गेलेली मुलं, न ऐकणारी, न बोलणारी, फिट्स येणारी, सारखं रक्त द्यावं लागणारी. हे काम सुनेपेक्षा आत्याच चांगलं करतील, त्यांना दोन्हीकडची माणसं माहीत आहेत. मग थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी तुमचं एचबीए-टू, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचं प्रमाण, बघा. ते साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं, तर लगेच मिस्टरांचंही. सिंधी समाजात याचे वाहक जास्त आढळतात, म्हणून कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या सिंधी वस्तीतल्या जोडप्यांना मी हे पहिल्याच भेटीत सांगते. पण नात्यातल्या लग्नात ते कुठल्याही समाजात बघावं. घरात ठरावीक आजार सापडला, तर आधी त्या व्यक्तीच्या जनुकाची तपासणी आणि मग अकरा ते चौदा आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन बाळाची. तुम्ही दहाव्यातच विचारलंत, त्यामुळे हाताशी वेळ आहे.

प्रश्न : माझी मोठी मुलगी दोन वर्षांची आहे. तिचा डीएनए अजून माझ्या रक्तात असेल तर एनआयपीटीत घोटाळा होईल का? या वेळी सहाव्या आठवड्यात दोन पिशव्या दिसल्या होत्या, नवव्यात एकच राहिली. (जयसिंगपूर)

उत्तर : मोठ्या मुलीची काळजी सोडा. बाळंतपणानंतर हा डीएनए किती लवकर जातो, ते लो यांच्या गटाने १९९९ साली मोजलं. दर सोळा मिनिटांच्या आसपास तो निम्मा होतो, एक-दोन दिवसांत मागमूस राहत नाही. बाळाच्या आख्ख्या पेशी मात्र चिवट. मुलगा झाल्यानंतर २७ वर्षांनी आईच्या रक्तात त्याच्या पेशी सापडल्याचं १९९६ साली अमेरिकेत डायना बियांकी यांच्या गटाने दाखवलं. मोकळ्या डीएनएवर भरवसा ठेवता येतो, तो जुना साठून राहत नाही म्हणून.

तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट शेवटच्या वाक्यात आहे. थांबलेल्या जुळ्याची वार पुढे कित्येक आठवडे डीएनए सोडत राहते, आणि अशी बाळं पुष्कळदा गुणसूत्रदोषामुळेच थांबतात. मग रिपोर्ट त्या गेलेल्या बाळाचा येतो आणि धसका राहिलेल्या बाळाचा बसतो. रक्त घेणाऱ्याला आणि फॉर्म भरणाऱ्याला हे आधी सांगा. तुमच्यासाठी एनटी सोनोग्राफीवर जास्त भिस्त ठेवलेली बरी.

प्रश्न : माझ्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. तो अकरा वर्षांचा आहे. रोज संध्याकाळी आजोबांबरोबर रंकाळ्यावर जातो, तिथल्या भेळवाल्याला नावाने हाक मारतो. आता ३६ व्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले आहेत, सातवा आठवडा आहे. तुमच्या सदरात मागे 'डाउन सिंड्रोमचा धोका' असं सारखं लिहिलं होतं. ते वाचताना माझा मुलगा शेजारी बसला होता. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दुसरा शब्द नाही का? आणि मी तपासणी केली तर ती त्याच्याशी प्रतारणा होईल का? (कोल्हापूर)

उत्तर : तुमचं पत्र आलं तेव्हा वरची उत्तरं लिहून झाली होती. मी मागे जाऊन तो शब्द होता तिथे 'शक्यता' केला. रिपोर्टवरचं 'हाय रिस्क' लॅबचं आहे, ते बदलणं माझ्या हातात नाही. माझं लिहिणं माझ्या हातात होतं. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

प्रतारणा नाही. तपासणी करणारी प्रत्येक बाई गर्भपाताच्या विचाराने करत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो. तो आधी कळला, तर बाळंतपण कुठे करायचं, जन्मल्यावर कोणते डॉक्टर जवळ हवेत, हे ठरवता येतं. तुमच्या मुलाच्या वेळी तुम्हाला हे काहीच माहीत नव्हतं, असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलं आहे. या वेळी नुसतं माहीत असावं म्हणून तपासणी केलीत तरी ते पुरेसं कारण आहे. करायची नाही असं ठरवलंत, तर तेही तुमचंच. तुम्हाला त्या टेबलावर कुणी ढकलायचं नाही, मीसुद्धा नाही.

पण त्याआधी एक काम आहे आणि ते एनआयपीटीपेक्षा महत्त्वाचं. मुलाच्या गुणसूत्रांचा जुना रिपोर्ट शोधा, कदाचित त्याच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर असेल. त्यात ४७ आकडा आणि शेवटी '+२१' असेल, तर तो नेहमीचा प्रकार, आणि या खेपेला पुन्हा तसं होण्याची शक्यता शंभरात एक किंवा तुमच्या वयामुळे थोडी जास्त. ४६ आकडा असून कंसात दोन नंबर जोडीने दिसले आणि त्यांतला एक २१ असला, तर त्याचं २१ वं गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलेलं आहे. असं शंभरातल्या तीन-चार मुलांत असतं. मग तुम्ही दोघांनी रक्त द्यायचं, कारण आई वाहक असेल तर पुढच्या खेपेची शक्यता शंभरात दहा ते पंधरा होते. वडील असतील तर बरीच कमी.

कागद सापडला नाही, तर मुलाचं दोन-तीन मिली रक्त पुन्हा पाठवू, दोन आठवड्यांत रिपोर्ट येतो. म्हणजे तुमचा दहावा आठवडा लागायच्या आधी तो हातात असेल. त्याला घेऊन याल तेव्हा सकाळी या. संध्याकाळी नको, त्याची रंकाळ्याची वेळ चुकेल.